तीन सिलिंडरचा १९५८ चा मॅसी ३५ अस्सल असू शकतो का?

विकणारा सांगतोय की लाल मॅसी ३५ ट्रॅक्टर आहे, १९५८ चा, इंग्लंडहून आलेला, तीन सिलिंडर, 'सगळं ओरिजिनल'. आणि तुम्ही विचारताय, किती मोजावेत. थांबा. यातलं एक तरी खोटं आहे. १९५८ मध्ये डिझेलच्या ३५ ला कारखान्यातूनच स्टँडर्ड कंपनीचं चार सिलिंडरचं २३सी इंजिन यायचं. पर्किन्सचं तीन सिलिंडरचं ए३.१५२ आलं १९५९ मध्ये. म्हणजे साल तरी चुकीचं, नाहीतर इंजिन मागाहून बसवलेलं.

बहुतेक वेळा दुसरंच असतं. ते चार सिलिंडरवालं थंडीत सुरू व्हायला फार रडायचं, म्हणून कित्येक मालकांनी काढून पर्किन्स टाकलं. आपल्याकडे चेन्नईच्या सिम्पसनने पर्किन्सची इंजिनं बनवली आणि टॅफे या तिथल्याच ट्रॅक्टर कंपनीचा १०३५ तर ३५ च्याच घरातला, त्यामुळे अशी अदलाबदल आणखी सोपी.

आधी चेसिस नंबरची पाटी वाचा. एसडीएफ किंवा एसडीएम असेल तर मधला डी म्हणजे चार सिलिंडर डिझेल. एसएनएफ, एसएनएम असेल तर एन म्हणजे पर्किन्स. शेवटचा एफ सिंगल क्लच, एम डबल क्लच. पाटीवर डी आणि समोर नोझल (डिझेल फवारणारे, दर सिलिंडरला एक) तीन, की विषय संपला. पण नुसत्या पाटीवर जाऊ नका, नव्या पाट्या विकत मिळतात. रिव्हेट चकचकीत आणि आजूबाजूचा रंग खरवडलेला दिसला तर संशय घ्या.

मग रंग. १९५६ चा पहिला फर्ग्युसन ३५ राखाडी पत्र्याचा आणि सोनेरी धडाचा होता. लाल रंग आणि मॅसी फर्ग्युसन हे नाव १९५७ च्या अखेरीपासून. बॅटरीच्या खालचा कोपरा, बोनेटची आतली बाजू, धडाचा एखादा कोपरा ब्लेडने हळू खरवडा. पत्र्याच्या लालखाली राखाडी किंवा धडावर सोनेरी निघालं तर गाडी आणखी जुनी आहे, आणि विकणाऱ्याला ते ठाऊकच नाही. बोल्टही बोलतात: मूळचे इंची मापाचे, १/२ आणि ९/१६ चे पाने घट्ट बसले पाहिजेत. १३ चा पाना नीट बसतोय तिथे कुणाचा तरी हात फिरलाय.

कधीकधी तर ३५ म्हणून लाल रंगवलेला टीई-२०, म्हणजे फर्ग्युसनचा ३५ च्या आधीचा ट्रॅक्टर, गळ्यात मारतात. त्याला पुढचे गिअर चार आणि पीटीओ शाफ्ट (अवजारं फिरवणारा मागचा दांडा) १⅛ इंची. ३५ ला पुढचे सहा आणि शाफ्ट १⅜ इंची. टेप घेऊन जा.

इंजिन जाम असेल तर दुसऱ्या ट्रॅक्टरला बांधून ओढू नका. 'थोडं ओढलं की सुटतं' म्हणणारा मेकॅनिक प्रत्येक तालुक्यात आहे, आणि वाकलेले कनेक्टिंग रॉडही तिथेच मिळतात. उघड्या सायलेन्सरमधून पावसाचं पाणी सिलिंडरमध्ये उतरलेलं असतं. पाणी दाबलं जात नाही, मग रॉड वाकतो. पाणी नसलं तरी गंजलेल्या रिंगा मोडतात आणि लायनरला ओरखडे पडतात. तिन्ही नोझल काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये अर्धं डिझेल अर्धं गिअर ऑइल असं अर्धा कप ओता, चार-पाच दिवस सोडा. रॉकर कव्हर उघडून व्हॉल्व्ह अडकलेत का बघा, नाहीतर फिरवताना पुशरॉड वाकतील. मग स्टार्टर काढून त्या भोकातून फ्लायव्हीलच्या दात्यांना पहार लावून पुढे-मागे हलवा, नुसतं एकाच दिशेने रेटू नका. सुटल्यावर नोझल बाहेरच ठेवून फिरवा, सगळं बाहेर उडू द्या, ऑइल बदला. मग डिझेलची एअर काढा: आधी फिल्टर, मग पंप, शेवटी नोझलचे नट.

मागच्या धडातलं ऑइल पाहायला विसरू नका. गिअर आणि हायड्रोलिकचं ऑइल एकच, जवळपास तीस लिटर. ते दुधाळ दिसलं तर आत पाणी आहे, आणि हायड्रोलिक पंप त्यातच बुडालेला असतो.

आता रंगकामाबद्दल. घेतल्या घेतल्या लाल रंग आणि स्टिकर लावणाऱ्यांशी माझं कधीच पटलं नाही. ग्राइंडर फिरवला की कारखान्याचा थर, ओतकामावरच्या खुणा, सगळं जातं. उरतो तो लग्नाच्या वरातीचा ट्रॅक्टर. आधी इंजिन, मग हायड्रोलिक, मग ब्रेक. रंग सर्वात शेवटी, आणि मूळचा सत्तर टक्के शाबूत असेल तर करूच नका.

हे सगळं संग्रहासाठी हं. शेतात चालवायचा असेल तर बदललेलं पर्किन्स उलट चांगलं, पार्ट मिळतात. किंमत मी न बघता सांगणार नाही, पण 'अस्सल १९५८' चे म्हणून जास्तीचे जे मागतोय ते पूर्ण कापा. आणि आरसी विकणाऱ्याच्या नावावर नसेल, किंवा तिच्यावरचा चेसिस नंबर पाटीशी जुळत नसेल, तर इसारही देऊ नका.