उतारावर ‘2’ आणि ‘एल’ यांचा उपयोग काय?

प्रश्न: मी 2001 सालची चार गिअरची एक ऑटोमॅटिक गाडी वापरलेली घेतली आहे. तिच्या गिअरच्या दांड्याशेजारी पी (पार्क), आर (रिव्हर्स), एन (न्यूट्रल), डी (ड्राइव्ह), 2, एल (लो) अशी अक्षरे असून दांड्यावर ‘ओ/डी’ असे बटण आहे. ‘डीच्या पुढे हात लावू नका’ असे विकणाऱ्याने बजावले होते. अलीकडे पाचगणीहून पसरणी घाट उतरताना ब्रेकचा जळका वास आला. उतारावर एनमध्ये टाकल्यास पेट्रोल वाचते, असे एक नातेवाईक सांगतात. शिवाय चढावर उभी केलेली गाडी पीमधून काढताना खाड्कन आवाज होतो. हा बिघाड आहे का?
– एक वाचक, सातारा

उत्तर: सर्वप्रथम ब्रेक तपासून घ्या. वास येण्याइतके तापलेले पॅड गुळगुळीत होऊन त्यांची पकड कमी होते, आणि ब्रेक ऑइल जुने असेल तर ते उकळून ऐन वळणावर पेडल मऊ लागू शकते.

विकणाऱ्याने आपल्याला दिलेला सल्ला चुकीचा होता. डी, 2 आणि एल ही अक्षरे गिअरबॉक्सने कोणत्या गिअरपर्यंत चढावे, याची मर्यादा ठरवतात. डीमध्ये चारही गिअर मोकळे असतात; ‘ओ/डी’ बटणाने ओव्हरड्राइव्ह, म्हणजे चौथा गिअर, बंद केला, म्हणजे डॅशबोर्डवर ‘ओ/डी ऑफ’ हा दिवा लागतो आणि गाडी तिसऱ्याच्या वर जात नाही. बहुतेक गाड्यांत 2 वर पहिला व दुसरा आणि एलवर फक्त पहिला गिअर मिळतो. मात्र होंडाच्या त्या काळातील अनेक गाड्या 2 वर ठेवल्यास थेट दुसऱ्या गिअरमध्येच सुटतात, जेणेकरून निसरड्यावर चाक जागीच फिरू नये; म्हणून आपल्या गाडीची पुस्तिका अवश्य वाचा.

घाट उतरताना आपण एक्सलरेटरवरून पाय काढता, तेव्हा इंजिनावर भार नाही असे समजून गिअरबॉक्स वरचा गिअर टाकतो. त्या गिअरमध्ये इंजिन गाडीला फारसे आवरत नाही आणि सारा भार ब्रेकवर पडतो. म्हणून उतार सुरू होण्यापूर्वीच ओव्हरड्राइव्ह बंद करा आणि वळणे जवळजवळ येऊ लागली की ब्रेकने वेग ताशी 40 किलोमीटरच्या आसपास आणून दांडा 2 वर घ्या. इंजिनाचा आवाज एकदम चढेल, टॅकोमीटर (इंजिनाचे फेरे दाखवणारे मापक) असल्यास त्याचा काटा वर सरकेल आणि गाडी मागून कुणीतरी धरल्यासारखी वाटेल. यात काहीही बिघडत नाही. एल मात्र अगदी तीव्र उतारासाठी, गाडी जवळजवळ चालण्याच्या वेगावर आल्यावरच वापरावा.

एनमध्ये उतरणे मला अत्यंत धोक्याचे वाटते. त्यात इंजिनाची पकड पूर्ण सुटते, आणि पेट्रोलही वाचत नाही: फ्युएल इंजेक्शनच्या (इंधन फवारून देणाऱ्या) गाडीत गिअर टाकलेला असताना पाय काढला की इंधन जवळजवळ बंद होते, तर एनमध्ये इंजिन स्वतःला चालू ठेवण्यासाठी ते जाळत राहते.

या अक्षरांचा क्रमही सुरक्षिततेतून आलेला आहे. पूर्वी अनेक अमेरिकी गाड्यांत तो पी, एन, डी, एल, आर असा असे, म्हणजे उतारासाठी एल शोधणारा हात थोडा पुढे सरकला तर रिव्हर्सवर जाई. 1968 पासून तेथील नियमांनी पुढे जाण्याच्या आणि रिव्हर्सच्या जागांमध्ये एन असणे सक्तीचे केले. कमी वेगात इंजिनाचा ब्रेक अधिक लागेल अशी एक जागा असावी, अशीही त्यात अट आहे.

खाड्कन होणारा आवाज हा बहुधा बिघाड नसावा. पीमध्ये गिअरबॉक्समधील एक लहान पोलादी खिटी दातेरी चाकात अडकते आणि हँडब्रेक न ओढता पाय काढल्यास अख्ख्या गाडीचे वजन तिच्यावर येते. चढावर उभे राहताना पायाचा ब्रेक दाबून दांडा एनमध्ये घ्या, हँडब्रेक पूर्ण ओढा, पाय हळूच सैल करून गाडी हँडब्रेकवर स्थिर होऊ द्या आणि मगच पी टाका. तरीही आवाज येत राहिला, तर इंजिन व गिअरबॉक्सचे माउंटिंग (त्यांना धरून ठेवणारे आधार) तपासून घ्या.