रुझवेल्टनं खरंच मंदी संपवली का?

प्रश्न (देवगड तालुक्यातून): मुलगा मुंबईत कामाला होता, कंपनीनं माणसं कमी केली तर गावी आलाय. हल्ली सगळे सांगतात की 1930 च्या मंदीत अमेरिकेत रुझवेल्टनं सगळ्यांना काम दिलं नि मंदी संपवली. खरं काय? आणि सरकारनं पैसे दिले की माणसं आळशी होतात म्हणतात, ते खरं का?

उत्तर: सगळ्यांना काम मिळालं नाही, आणि मंदीही तेवढ्यानं संपली नाही. पण लाखो लोकांची घरं उघडी पडली नाहीत, आणि मला विचाराल तर तेच मोठं काम होतं.

1933 च्या मार्चमध्ये रुझवेल्ट अध्यक्ष झाले तेव्हा अमेरिकेत साधारण चारातला एक कामगार बेकार होता, बँका पटापट बुडत होत्या. त्यांनी आधी देशातल्या सगळ्या बँकांना सुट्टी दिली, तपासून ज्या धड होत्या त्या उघडल्या, आणि त्याच्या आदल्या रात्री रेडिओवर साध्या भाषेत लोकांना सगळं समजावून सांगितलं. लोक पैसे काढायला नाही तर परत भरायला रांगा लावून उभे राहिले!

मग कामं निघाली. त्यातली मला सगळ्यात पटलेली योजना तरुण पोरांची, सीसीसी (सिव्हिलियन कन्झर्वेशन कोअर) म्हणायचे तिला. 18 ते 25 वयाची बेकार, बिनलग्नाची पोरं कॅम्पात राहायची, झाडं लावायची, जमिनीची धूप थांबवायची, जंगलात रस्ते करायची. पगार महिना 30 डॉलर, त्यातले 25 थेट घरी जायचे, पोराच्या हातात 5. आपला गिरणीतला चाकरमानी खानावळीचे ठेवून बाकीची मनीऑर्डर गावी करायचा ना, अगदी तसं, फक्त इथं मनीऑर्डर सरकारच लावायचं. ते पैसे वाण्याची उधारी, घरभाडं यात जायचे म्हणजे गावातला वाणी पण तगायचा. नऊ वर्षांत 30 लाखांच्या आसपास पोरं यातून गेली, झाडं लागली 300 कोटींच्या वर. नंतर 1935 ला निघालेल्या डब्ल्यूपीए या सरकारी कामांच्या योजनेत 85 लाख लोकांनी रस्ते, पूल, शाळा बांधल्या. तेव्हा आळशी होतात हे मला बिलकुल पटत नाही, माणसाला काम हवं असतं, ते नसतं म्हणून तो बसून असतो.

पण कोण बाहेर राहिलं तेही बघायला हवं, नाहीतर नुसती आरती होईल. 1935 च्या सोशल सिक्युरिटी, म्हणजे म्हातारपणी पेन्शन नि बेकारी भत्ता देणाऱ्या, कायद्यातून शेतमजूर आणि घरकाम करणारे वगळले, त्यात काळे लोक खूप होते. शेतमालाचे भाव वाढावेत म्हणून जमीन पड ठेवायला पैसे दिले, ते घेतले जमीनमालकांनी आणि कित्येक कसणाऱ्यांना बाहेर काढलं. खोत आणि कूळ हा हिशोब माहीत असलेल्या कोकणी माणसाला हे वेगळं सांगायला नको. त्याच 1933 साली आपल्याकडे अलिबागजवळ चरीला कुळांनी जमीन कसायची नाही म्हणून संप केला तो 1939 पर्यंत चालला, त्यांच्यासाठी कुठलं रिलीफ आलं नव्हतं.

1937 मध्ये जरा बरं दिसताच सरकारनं खर्च आखडला नि बेकारी परत वर गेली, पूर्ण हटली ती युद्धाच्या कारखान्यांनी.

मुलाचं म्हणाल तर आपली रोजगार हमी याच जातीची. 1972 च्या दुष्काळानं ती वाढवली, पुढं तिचा कायदा झाला, आणि तिच्यासाठी शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून व्यवसाय कर कापायला लागले, म्हणजे मुलानं मुंबईत तो भरलाय! 1990 पासून फळबाग तिला जोडली, कोकणातल्या कितीतरी काजू-आंब्याच्या बागा त्यातल्याच. पड जमीन असेल तर ग्रामपंचायतीत ग्रामरोजगार सेवकाला गाठा, लाजू नका.

प्रश्न (गुहागरहून): तेव्हा बुडलेल्या बँकांतल्या ठेवींचं काय झालं? आपल्याकडे तशी सोय आहे का?

उत्तर: आधी बुडालेल्या बँकांतले पैसे कित्येकांना पुरते मिळाले नाहीत. म्हणूनच 1933 च्या कायद्यानं ठेवींना विमा आला, 1934 च्या जानेवारीपासून 2,500 डॉलरपर्यंत. आपल्याकडे हा विमा 1962 पासून आहे, 2020 पासून मर्यादा एका बँकेत एका माणसाला व्याज धरून 5 लाख. सहकारी बँकाही यात येतात, पतसंस्था मात्र येत नाहीत, तेव्हा पासबुक काढून नीट वाचा की त्यावर बँक लिहिलंय की पतसंस्था.