पाण्यात अमिनो अॅसिड सेन्सिंग सुरू करताय? आधी हे बघा

युरोपियम (लॅन्थनाइड गटातला धातू, त्याचे आयन यूव्ही प्रकाशात लाल चमकतात) असलेल्या सेन्सर मटेरियलचा लाल उजेड दिसला की लगेच ट्रिप्टोफॅन (एक अमिनो ॲसिड) टाकून बघायची घाई होते, पण आधी तुमचं मटेरियल नुसत्या पाण्यात किती टिकतं ते बघा. पाण्यातले ओ-एच बॉण्ड युरोपियमची एनर्जी खाऊन टाकतात, म्हणून तर आपण कॉम्प्लेक्स (युरोपियमला सेंद्रिय रेणू जोडलेलं संयुग) सिलिका, क्ले नाहीतर एमओएफमध्ये (धातू आणि सेंद्रिय रेणूंची सच्छिद्र जाळी) बसवतो. दिवसभर पाण्यात ठेवा, सेंट्रीफ्यूज करा आणि वरच्या पाण्याचा स्पेक्ट्रम घ्या, तिथे ६१५ नॅनोमीटरला चमक आली तर कॉम्प्लेक्स सुटतोय, मग पुढचं सगळं वाया.

बफर (pH स्थिर ठेवणारं द्रावण) म्हणून फॉस्फेट अजिबात नको, तो स्वतःच लॅन्थनाइडला जाऊन चिकटतो, हेपेस (HEPES, दुसरा एक बफर) बरा.

आणि खरी गोम pH ची आहे. आर्जिनिन, लायसिन बेसिक, ॲस्पार्टिक, ग्लुटामिक ॲसिडिक, त्यामुळे बफर कमी पडला की सिग्नल pH मुळे बदलतो आणि आपल्याला वाटतं सेन्सर सिलेक्टिव्ह आहे, म्हणजे तेच अमिनो ॲसिड ओळखतोय!! प्रत्येक सॅम्पलचा pH मोजाच, आणि तोच pH नुसत्या ॲसिड-अल्कलीने आणून कंट्रोल घ्या.

ट्रिप्टोफॅन २८० नॅनोमीटरच्या आसपास स्वतः प्रकाश शोषतो, तुमचं एक्सायटेशन (सेन्सरवर टाकलेला प्रकाश) तिथेच असेल तर चमक कमी होणारच (हाच इनर फिल्टर), त्याला क्वेंचिंग (युरोपियमची चमक खरोखर विझणं) म्हणू नका. लाइफटाइम (चमक ओसरायला लागणारा वेळ) घ्या, तो बदलला नाही तर इनर फिल्टर किंवा स्टॅटिक क्वेंचिंगचा (अमिनो ॲसिड आधीच चिकटून न चमकणारी जोडी बनण्याचा) संशय धरा. नुसत्या इंटेन्सिटीपेक्षा युरोपियमच्या ६१५ आणि ५९२ नॅनोमीटरच्या पीकचा रेशो मला जास्त भरवशाचा वाटतो, कारण ५९२ चा पीक आजूबाजूच्या बदलाने फारसा हलत नाही.