विद्यापीठाआधी लॅब बघ

मुंबई विद्यापीठातून बायोमेडिकलचं बी.ई. करतोयस, रँकिंगवरून बारा अमेरिकन विद्यापीठं निवडली आहेस, आणि आधी एम.एस. करू की थेट पीएचडी, असं विचारलंस. मी बी.ई.नंतर थेट इथे अमेरिकेत पीएचडीला आले, तेव्हा माझ्याकडेही अशीच यादी होती. ती बाजूला ठेव.

फायनल इयरचा प्रोजेक्ट मनापासून केला असशील, तर थेट अर्ज कर. पीएचडीला बहुतेक ठिकाणी फी माफ असते आणि स्टायपेंड मिळतो, एम.एस.साठी घरच्यांना कर्ज काढावं लागतं. जर्मनीत मात्र साधारणपणे मास्टर्स लागतंच.

‘बायोमेडिकल’ या एका नावाखाली टिश्यू इंजिनिअरिंगपासून एमआरआयपर्यंत सगळं येतं. तुला हाडांचे स्कॅफोल्ड (नवं हाड वाढायला आधार देणारे सांगाडे) करायचेत, मग इमेजिंगमध्ये अव्वल असलेला विभाग काय कामाचा? दवाखाना किती जवळ आहे, तेही बघ. अटलांटात जॉर्जिया टेक आणि एमरी यांचा विभाग एकच आहे, त्यामुळे इंजिनिअर आणि डॉक्टर एकाच प्रकल्पावर सहज भेटतात.

आता पैशाचं, आणि हे नीट वाच. माझ्या तिसऱ्या वर्षी गाइडची ग्रँट, म्हणजे संशोधनासाठी मिळालेला निधी, संपली. मला कळलं ते सेमिस्टर संपायच्या तीन आठवडे आधी. टीएशिप (पगारी अध्यापन-साहाय्यक काम) करत दुसरी लॅब शोधली, विषय बदलला, दीड वर्षाचं काम तसंच राहिलं. एनएसएफ आणि एनआयएच या संशोधनाला पैसे देणाऱ्या अमेरिकन सरकारी संस्था. एनएसएफची ग्रॅज्युएट फेलोशिप आणि एनआयएचच्या ट्रेनिंग ग्रँट नागरिकांना किंवा ग्रीन कार्डवाल्यांनाच मिळतात. आपला स्टायपेंड मुख्यतः गाइडच्या ग्रँटवर नाहीतर टीएशिपवर चालतो. ‘एनआयएच रिपोर्टर’ या साइटवर प्राध्यापकाचं नाव टाकलं की कोणती ग्रँट कधी संपते ते दिसतं. आर०१ ही एनआयएचची नेहमीची संशोधन ग्रँट साधारण ४-५ वर्षांची, पीएचडी ५-६ वर्षांची. ग्रँट संपत आली म्हणून नाव खोडू नकोस, पण मुलाखतीत विचार: पुढचा निधी कुठून येणार? यात उद्धटपणा काही नाही. २०२५ मध्ये निधीच्या अनिश्चिततेमुळे बऱ्याच विद्यापीठांनी जागा कमी केल्या, त्यामुळे हा प्रश्न आता आणखी महत्त्वाचा झालाय. लॅबमधल्या जुन्या विद्यार्थ्यांशी गाइड नसताना बोल. पहिल्या वर्षी दोन-तीन लॅबमध्ये रोटेशन, म्हणजे थोडे थोडे दिवस काम करून बघायची सोय, असेल, तर ते ठिकाण वर घे.

बहुतेक डेडलाइन १ ते १५ डिसेंबरच्या आसपास असतात. प्राध्यापकांना ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच मेल कर. त्यांचा एखादा पेपर वाचून, त्यातल्या नेमक्या गोष्टीवर चार ओळी लिही. विद्यापीठाच्या कलिना कॅम्पसमधून ट्रान्सक्रिप्ट (गुणांचा अधिकृत दाखला) काढायचं काम पावसाळ्यातच उरक. एका अर्जाला ७५-१०० डॉलर किंवा जास्तही लागतात, म्हणून सहा-सातच अर्ज कर आणि फी माफीसाठी विचारून बघ. जीआरई ही प्रवेशपरीक्षा आता बऱ्याच ठिकाणी मागत नाहीत.

‘शिफारसपत्र तूच लिहून आण, मी सही करतो,’ असं सर म्हणाले, तर त्यांना तुझ्या प्रोजेक्टचे तपशील एका पानावर दे आणि पत्र त्यांनाच लिहायची विनंती कर. एकाच हातची तीन पत्रं कमिटीला लगेच ओळखू येतात.

स्टायपेंडसह ऑफर आली, तर उत्तर द्यायला बहुतेक विद्यापीठं १५ एप्रिलपर्यंत वेळ देतात. कुणी घाई केली तर त्या तारखेची आठवण करून दे. एसओपीचा (अर्जासोबतच्या उद्देशपत्राचा) पहिला खर्डा झाला की पाठव, मी वाचते.