वाचकांचे प्रश्न : इंधन घटातील उत्प्रेरक निकामी का होतो?

प्रश्न : अभिक्रियेत उत्प्रेरक स्वतः खर्च होत नाही, असे आम्ही शाळेत शिकलो. मग हायड्रोजनवर चालणाऱ्या गाड्यांच्या इंधन घटातील प्लॅटिनमचा प्रभाव कालांतराने का घटतो? तो टिकवता येतो का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : शाळेत शिकवलेले चूक नाही. इंधन घटात हायड्रोजन व हवेतील ऑक्सिजन यांच्या अभिक्रियेतून वीज मिळते; ती अभिक्रिया जलद करणारे प्लॅटिनम तीत खर्च होत नाही. त्याचा नाश होतो तो घटातील परिस्थितीमुळे. पॉलिमर पटलाच्या (प्रोटॉन पलीकडे जाऊ देणाऱ्या पातळ पडद्याच्या) घटात सुमारे ८० अंश सेल्सिअस तापमान, आम्लधर्मी माध्यम आणि कार्बनच्या भुकटीवर बसवलेले दोन ते पाच नॅनोमीटर आकाराचे प्लॅटिनमचे कण असतात. कण लहान ठेवल्याने थोड्या धातूत भरपूर पृष्ठभाग मिळतो; मात्र कण जितका लहान, तितका तो लवकर विरघळतो, आणि विरघळलेले प्लॅटिनम एक तर मोठ्या कणांवर जाऊन बसते किंवा पटलात शिरून तेथेच साचते.

गाडी एकाच गतीने चालत असेल, तर ही हानी मंद असते. वेग वाढवताना आणि कमी करताना कॅथोडचे (हवेकडील इलेक्ट्रोडचे) विभव, म्हणजे व्होल्टमध्ये मोजली जाणारी विद्युत पातळी, खालीवर होते, प्लॅटिनमवर ऑक्साइडचा थर चढतो व उतरतो, आणि दर वेळी थोडा धातू विरघळतो. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने ठरवलेल्या टिकाऊपणाच्या चाचणीत ०.६ ते ०.९५ व्होल्टची ३०,००० आवर्तने असतात, ती याचसाठी. बंद गाडी सुरू करताना आणखी एक संकट उद्भवते : अ‍ॅनोडकडे, म्हणजे हायड्रोजनच्या बाजूच्या इलेक्ट्रोडकडे, हवा शिरलेली असताना तेथे हायड्रोजन सोडला, की कॅथोडचे विभव क्षणभर सुमारे १.५ व्होल्टपर्यंत चढू शकते, कार्बनचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि कणांचा आधारच नाहीसा होतो.

ग्रॅफाइटसारखी रचना दिलेला कार्बन अधिक टिकतो, परंतु त्यावर कण समप्रमाणात पसरवणे कठीण जाते. प्लॅटिनम-कोबाल्ट संमिश्र अधिक क्रियाशील असले, तरी त्यातील कोबाल्ट झिरपून पटलाची प्रोटॉनवाहकता घटवतो. दोन्ही धातूंचे अणू स्फटिकात ठरावीक क्रमाने बसवल्यास हे झिरपणे कमी होते. प्लॅटिनमऐवजी लोह-नायट्रोजन-कार्बन वापरणे स्वस्त पडते, पण टिकाऊपणात ते अजून बरेच मागे आहे.

माझ्या मते, नियंत्रणाच्या उपायांकडे वाचकांचे लक्ष उगाचच कमी जाते. भारातील चढउतार बॅटरीवर सोपवणे, विभवाला वरची मर्यादा घालणे आणि गाडी सुरू-बंद करण्याचा क्रम काळजीपूर्वक आखणे, यांसाठी नवा उत्प्रेरक शोधावा लागत नाही. अवजड ट्रकांसाठी २५,००० तासांच्या आयुष्याचे उद्दिष्ट आहे. तेथे प्लॅटिनम थोडे जास्त घालून आणि कण किंचित मोठे ठेवून सुरुवातीची क्रियाशीलता काही अंशी सोडणेही परवडते.