दहा वर्षं जुन्या एसएमपीएसवर नवीन ग्राफिक्स कार्ड चालेल का?

प्रश्नकर्त्याकडे दहा वर्षांपूर्वीचा ५०० वॅटचा पॉवर सप्लाय, म्हणजेच एसएमपीएस, आहे, 'अजून व्यवस्थित चालतो', आणि त्यावर त्यांना आरटीएक्स ४०६० हे ग्राफिक्स कार्ड लावायचं आहे. दुकानदार उगाच नवीन घ्यायला लावतोय का, असं विचारलंय.

'व्यवस्थित चालतो' वाचलं आणि लिहायला बसलो. माझाही व्यवस्थितच चालत होता.

२०१७ ची गोष्ट, सांगलीची. मशीन आय-फाइव्ह २४०० प्रोसेसरचं, एसएमपीएस कॅबिनेटबरोबर आलेला, त्यावर लांबून दिसेल एवढं मोठं ५००. वर्षभर पैसे साठवून जीटीएक्स १०६० ग्राफिक्स कार्ड आणलं. कार्डाला सहा पिनची वायर लागते आणि माझ्या एसएमपीएसला ती वायरच नव्हती. खरं तर तिथंच कळायला हवं होतं. पण घरात दाजी होते. दाजींचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, त्यामुळे वीज म्हटलं की आमच्याकडे शेवटचा शब्द त्यांचा.

"पाचशे लिहिलंय की वर. कार्ड किती खातंय?"

"एकशेवीस."

"प्रोसेसर?"

"पंच्याण्णव."

"मग? निम्मं पण होत नाही की! साठ रुपयांचा कन्व्हर्टर आण आणि लाव."

आणला. दोन मोलेक्सचा (जुन्या हार्ड डिस्कला लागायचे ते चार पिनांचे कनेक्टर) एक सहा पिन होतो तो. लावला. पिक्चर, ब्राउझर, सगळं झकास. गेम सुरू केला की दहाव्या मिनिटाला स्क्रीन काळी, पंखे विमानासारखे सुटणार, आणि मशीन रिस्टार्ट. दाजी म्हणाले विंडोज परत टाक. तीनदा टाकलं. मग म्हणाले यूपीएसची बॅटरी गेलीय. ती बदलली. मग म्हणाले, कार्डच फॉल्टी दिलंय तुला. कार्ड वॉरंटीत गेलं, बावीस दिवसांनी परत आलं, सोबत कागद: नो फॉल्ट फाउंड.

परत लावलं. तिसऱ्या दिवशी वास आला. कॅबिनेट उघडलं तर कन्व्हर्टरचं पांढरं प्लास्टिक पिवळ्या वायरीच्या बाजूनं करपून चहासारखं झालेलं. ओढलं तर निघेना. पकडीनं ओढलं तेव्हा अर्धं हातात आलं, पिन आतच. दोन्ही मोलेक्स एकाच वायरीवरचे होते, म्हणजे 'दोनांतून लोड वाटला जातो' हे नुसतं समाधान.

मग पहिल्यांदा एसएमपीएस बाहेर काढून त्याचं लेबल नीट वाचलं. १२ व्होल्टसमोर १६ अँपिअर. बारा सोळे एकशे ब्याण्णव. संपला विषय! ५०० मधला बाकीचा सगळा आकडा ५ आणि ३.३ व्होल्टवर दाखवलेला, आणि आजचं कार्ड आणि प्रोसेसर जवळपास सगळं १२ वरून खातात. माझी दोघांचीच बेरीज २१५. त्यात कार्डाचे १२० म्हणजे सरासरी. गेममध्ये काही मिलिसेकंदांसाठी ते त्याच्या बरंच वर उडी मारतं आणि रडका एसएमपीएस नेमका तिथं बसतो. मोटारीच्या स्टार्टिंग करंटवर ज्यांनी आयुष्य काढलं त्यांना हे सुचू नये, याचा मला अजून राग आहे.

त्याच काळात मित्राकडे कॉर्सेर कंपनीचा व्हीएक्स ४५० हा ४५० वॅटचा एसएमपीएस होता. माझ्यापेक्षाही जुना. त्यावर १२ व्होल्टला ३३ अँपिअर, म्हणजे ३९६ वॅट. नावाला माझ्यापेक्षा पन्नास कमी, कामाला दुप्पट. तेच १०६० त्याच्याकडे दोन दिवस लावून बघितलं, एकदाही बंद पडलं नाही.

माझा उघडला तेव्हा आत वीज येते तिथल्या फिल्टरच्या कॉइलच्या जागी साधी तार टाचलेली. कपॅसिटरची डोकी फुगलेली. वजन तर रिकाम्या डब्याएवढं.

तर तुमचं. वॅट बघू नका, लेबलवरचे १२ व्होल्टचे अँपिअर बघा. चांगल्या कंपनीचा असेल, तिथं तीसच्या वर असेल आणि आठ पिनची वायर कंपनीनंच दिलेली असेल, तर ४०६० चालेल. कार्ड ११५ वॅटचं आहे. कार्डाची चिप बनवणारी एनव्हिडिया ५५० वॅटचा एसएमपीएस सांगते ते सगळ्यांचे बरे-वाईट एसएमपीएस धरून. कन्व्हर्टर लावावा लागत असेल तर उत्तर नाही. साटाच्या (आजच्या हार्ड डिस्कला लागते त्या) वायरीवरून तर मुळीच नको, तिची ताकद १२ व्होल्टला ५४ वॅट. आणि कॅबिनेटबरोबर आलेला असेल तर प्रश्न विचारायचीही गरज नाही, भंगारात द्या. मी नंतर साडेतीन हजारांचा घेतला. बॅटरी आणि कन्व्हर्टरवर घातलेले पैसे, तीन विंडोज आणि बावीस दिवस धरले तर तो आधीच स्वस्त होता.

चांगला असला तरी दहा वर्षांत कपॅसिटर वाळतात, हे मात्र खरं. मी असतो तर त्यावर ४०६० लावलं असतं, २८५ वॅटचं ४०७० टीआय लावलं नसतं. आणखी एक, मॉड्युलर (वायरी सुट्या काढता येणारा) असेल तर दुसऱ्या एसएमपीएसच्या वायरी त्याला लावू नका. कार्डाकडचं टोक सारखं असतं, एसएमपीएसकडचं नसतं. आणि माझ्यासारखा उघडून बघू नका. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट बसलेले असू शकतात. आमचा दाजींनी आधी डिस्चार्ज केला होता, तेवढं त्यांना येतं.

ते १०६० आज भाच्याच्या मशीनमध्ये आहे, म्हणजे दाजींच्याच घरी. रोज संध्याकाळी त्याच्यावर गेम चालतो. दाजींचं म्हणणं, कंपनीनं गुपचूप रिपेअर करून दिलं म्हणून चालतंय. मागच्या दिवाळीत मी 'नो फॉल्ट फाउंड'च्या कागदाचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला. त्यांनी खाली अंगठा टाकलाय, बाकी काही नाही.