सगळं मोबाईलवर फुकट मिळतंय, मग ओरिजिनल चित्राला किंवा गाण्याला काय अर्थ राहिला?

तुमचा प्रश्न रास्त आहे, पण मला वाटतं कॉपीमुळं ओरिजिनलचं फार काही बिघडत नाही, बदलतं ते पुढं जे नवीन तयार होतं ते, कारण मग कलाकार कॉपीला सोयीचं असंच बनवायला लागतात.

चित्रकार राजा रविवर्मा घ्या. आपल्या चित्रांच्या कॉपी छापायला १८९४ ला मुंबईत प्रेस काढला, नंतर तो लोणावळ्याजवळ मळवलीला नेला. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, त्यावर कारागीर हातानं बारीक बारीक ठिपके काढायचा, मग कागद एकेका दगडावरून काढायचा, रंग जरा सरकला की देवीचा ओठ गालावर. माझ्या आजोळी सांगलीला असली एक जुनी लक्ष्मी आहे, काठाला आज्जीच्या सासूनं खरी जरतार आणि टिकल्या चिकटवल्यात. मोबाईलनं झूम केलं की ठिपके वेडेवाकडे दिसतात, हल्लीच्या कॅलेंडरवरचे बघा, एकदम शिस्तीत. आता ही जरतार लावलेली कॉपी म्हणायची का ओरिजिनल, ठरवा तुम्हीच!

पण खरा फरक असा की त्याआधी गावोगावच्या देवी वेगळ्या दिसायच्या, कुठं तांदळा (म्हणजे शेंदूर लावलेला बिनघडीव दगड), कुठं मुखवटा, कुठं पाषाणाची मूर्ती. ती चित्रं घराघरात गेली आणि लक्ष्मी म्हटलं की कमळावर उभी, चार हात, मागं हत्ती हे डोक्यात फिट्ट बसलं. दादासाहेब फाळके त्याच प्रेसमध्ये काम करून पुढं १९१३ ला 'राजा हरिश्चंद्र' घेऊन आले, म्हणजे पौराणिक सिनेमाला प्रेक्षक आयता तयार होता असं माझं मत.

ओरिजिनल बघायचंच असेल तर सातारा जिल्ह्यात औंधला जा, औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ ला उभारलेलं म्युझियम आहे, रविवर्म्याची मूळ तैलचित्रं आहेत, शिवाय इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं शिल्पसुद्धा (हो, औंधात!). तिथं रंगाचा थर दिसतो, सावलीत किती रंग मिसळलेत ते कळतं, प्रिंटमध्ये ते सगळं सपाट होतं.

गाण्याचं तर अजून भारी. थिएटरात वन्समोअर घेत घेत एकेक नाट्यपद कितीही रंगायचं, आमची सांगली तर नाट्यपंढरी, म्हातारी माणसं अजून सांगतात. पण ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) जुन्या ग्रामोफोन तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची, मग आलाप कापा, तान आवरा, बंदिश पटकन उरका. सुरुवातीला तर गायक शेवटी स्वतःचं नाव ओरडून सांगायचे, कारण तबकड्या बनायच्या जर्मनीत आणि तिथल्या माणसाला कळणार कसं कोण गातंय. सिनेमातलं गाणं साडेतीन मिनिटांचं झालं त्यात या तबकडीचा हात मोठा आहे.

आता तेच रीलचं. आमच्याकडं जत्रेत ऑर्केस्ट्राला फर्माईश येते ती फक्त रीलमधल्या तेवढ्याच तुकड्याची, अंतरा सुरू झाला की पोरं नाचायची थांबतात आणि गायक बिचारा परत मुखड्यावर येतो.